छतावरची वीज आणि गावची लाइन : वीजजाळ्याशी जोडलेला घरगुती सौर संच कसा चालतो?



गेल्या काही वर्षांत गावोगावच्या घरांवर काळ्या-निळ्या सौर पट्ट्या दिसू लागल्या आहेत. ज्यांनी संच बसविले त्यांचे वीजबिल कमी झाले, हे पाहून शेजारीपाजारीही चौकशी करू लागतात. अशा चौकशीत एक प्रश्न हमखास निघतो. "छतावर लख्ख ऊन आहे, पट्ट्याही नव्या आहेत. मग लाइन गेली की घरातला पंखा का बंद पडतो?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे. पैसे भरण्यापूर्वी तो विचारला आणि त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर पुढची निराशा टळते. अनेकदा संचात काहीही बिघाड नसतो. आपण मागितले एक आणि घेतले दुसरे, एवढेच झालेले असते. म्हणून वीजजाळ्याशी जोडलेला संच कसा काम करतो, तो काय देतो आणि काय देत नाही, याची माहिती या लेखात दिली आहे.

संचाचे प्रकार

सौर संच मुख्यतः तीन प्रकारचे असतात.

१) स्वतंत्र संच : शेतातील सौर कृषिपंप हे याचे नेहमीच्या पाहण्यातील उदाहरण. याचा गावच्या लाइनशी काहीही संबंध नसतो. ऊन असेल तोवर पंप चालतो, ऊन गेले की थांबतो. घरासाठी असा संच घ्यायचा तर बॅटरी लागते.

२) वीजजाळ्याशी जोडलेला संच : यात बॅटरी नसते. छतावर तयार झालेली वीज प्रथम घरात वापरली जाते, उरलेली गावच्या लाइनवर जाते आणि रात्री लागणारी वीज त्याच लाइनवरून घेतली जाते. घरांवर सध्या बसविले जाणारे बहुसंख्य संच याच प्रकारचे असतात.

३) संमिश्र संच : हा जाळ्याशीही जोडलेला असतो आणि त्याला बॅटरीही असते. यास हायब्रीड संच म्हणतात. तो महाग पडतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलण्याचा खर्च येतो.

सौर कृषिपंप लाइन नसतानाही चालतो, हे आपण पाहिलेले असते. त्यामुळे घरावरचा संचही तसाच चालेल, असा समज होणे साहजिक आहे. प्रत्यक्षात दोघांची रचना वेगळी आहे.

उन्हाची वीज कशी होते?

प्रकाश पडला की काही पदार्थांत वीज निर्माण होते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ बेकरेल यांनी १८३९ साली दाखविले. वापरण्याजोगा सिलिकॉनचा सौर घट मात्र १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. पडणाऱ्या उन्हाच्या सुमारे सहा टक्केच भागाची तो वीज करीत असे. आजच्या चांगल्या पट्ट्या वीस ते बावीस टक्क्यांपर्यंत वीज करतात.

पट्टीतील घटामध्ये सिलिकॉनचे दोन थर असतात. एका थरात थोडा फॉस्फरस आणि दुसऱ्यात थोडा बोरॉन मिसळलेला असतो. त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर विजेचा एक कायमचा उतार तयार होतो. उन्हाने सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन सुटे झाले की, पाणी जसे उताराने धावते तसे ते एकाच दिशेला ढकलले जातात. बाहेरून तार जोडली की प्रवाह सुरू होतो. एका घटातून जेमतेम अर्धा व्होल्ट मिळतो. म्हणून एका पट्टीत अनेक घट एकापुढे एक जोडतात आणि छतावरील पट्ट्याही तशाच एकापुढे एक जोडून त्यांची माळ करतात. ५४० वॅटची एक पट्टी साधारण साडेसात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असते. अशा चार पट्ट्यांचा संच दोन किलोवॅटपेक्षा थोडा मोठा होतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वीज उजेडापासून होते, उष्णतेपासून नाही. उलट उष्णतेने उत्पादन घटते. पट्टीवर लिहिलेले वॅट हे घटाचे तापमान २५ अंश सेल्सिअस असतानाचे असतात. त्यापुढे प्रत्येक अंशाला उत्पादन साधारण एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्शाने कमी होते. वैशाखातल्या दुपारी पट्टी ६५ अंशांपर्यंत तापली, तर शंभरातील तेरा-चौदा वॅट केवळ उष्णतेत जातात. म्हणूनच पट्ट्यांखालून वारा खेळता राहील इतकी उंची ठेवावी लागते. पत्र्याला चिकटून बसविलेल्या पट्ट्या अधिक तापतात.

सर्वसाधारणपणे आपल्याकडे एक किलोवॅटचा संच वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज देतो. उन्हाळ्यात स्वच्छ दिवशी ती याहून जास्त मिळते, तर आषाढ-श्रावणातील ढगाळ दिवसांत निम्म्याच्या आसपास येते.

इन्व्हर्टरचे काम

पट्ट्यांतून येणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. यास डीसी म्हणतात. घरातील लाइनचा प्रवाह मात्र सेकंदाला पन्नास वेळा मागे-पुढे होतो. यास एसी म्हणतात. डीसीचे एसी करण्याचे काम सौर इन्व्हर्टर करतो. घरात दिवे-पंख्यांसाठी आपण जो बॅटरीचा इन्व्हर्टर ठेवतो, त्याहून हा वेगळा असतो.

सौर इन्व्हर्टरला केवळ एसी करून भागत नाही, ती वीज गावच्या लाइनशी तंतोतंत जुळवावी लागते. खळ्यावर पात चालू असताना नवा बैल जुंपायचा झाला, तर त्याची चाल आधीच्या बैलांशी जुळावी लागते. नाही तर सगळी पात विस्कटते. इन्व्हर्टरचेही तसेच आहे. तो प्रथम लाइनची चाल पाहतो, तिचे व्होल्टेज मोजतो, त्याच ठेक्यात आपली वीज तयार करतो आणि मगच जोडणी करतो.

हा ठेका आज साऱ्या देशात एकच आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. तेव्हापासून आपल्या वाडीवरचा इन्व्हर्टर ज्या ठेक्याशी जुळवून घेतो, त्याच ठेक्यावर देशभरातील मोठी वीज केंद्रे चालतात.

जोडणी झाल्यावर इन्व्हर्टर आपले व्होल्टेज लाइनपेक्षा किंचित वर ठेवतो. पाणी जसे वरच्या वाफ्यातून खालच्या वाफ्यात जाते, तशी वीज मग घराकडे आणि घरात गरज नसेल तर लाइनकडे वाहते. यासाठी आपल्याला कोणतीही कळ फिरवावी लागत नाही. सकाळी ऊन आले की संच आपोआप सुरू होतो आणि संध्याकाळी बंद होतो.

लाइन गेली की संच का थांबतो?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. लाइन गेली की इन्व्हर्टर दोन सेकंदांच्या आत स्वतःला जाळ्यापासून तोडतो. याची दोन कारणे आहेत.

पहिले कारण वायरमनच्या जिवाचे आहे. गावात बिघाड झाला की वायरमन लाइन बंद करून खांबावर चढतो. त्या वेळी आपल्या छतावरची वीज लाइनवर जात राहिली तर काय होईल? चौकातील रोहित्र, ज्याला आपण डीपी म्हणतो, ते एरवी ११,००० व्होल्टची वीज उतरवून घरगुती दाबाची करते. पण खालच्या बाजूने वीज आली तर तेच रोहित्र उलट काम करते. घरातील २३० व्होल्टची वीज वरच्या तारांवर जाताना हजारो व्होल्टची होऊ शकते. लाइन मेली आहे असे समजून तारेला हात लावणारा माणूस आपल्याच गावातला, कोणाचा तरी मुलगा, कोणाचा तरी बाप असतो. म्हणून ही व्यवस्था इन्व्हर्टरमध्ये असणे सक्तीचे आहे. ती बंद करून देतो असे कोणी म्हटले तर त्यास दारातूनच परत पाठवावे.

लाइन गेली हे इन्व्हर्टरला कसे कळते? तो लाइनचा ठेका सतत अगदी हलकेच ढकलून पाहतो. मांडवाचा खांब पक्का आहे की नाही हे आपण हाताने हलवून पाहतो, तसेच हे आहे. मागे देशभरचे जाळे असेल तर ठेका जराही हलत नाही. जाळे तुटले असेल तर तो लगेच सरकतो आणि इन्व्हर्टर थांबतो. वीज परत आल्यावरही तो लगेच सुरू होत नाही. लाइन काही काळ स्थिर आहे याची खात्री करून मगच जोडला जातो.

दुसरे कारण संचाच्या रचनेतच आहे. बॅटरी नसल्याने साठा नाही. एक ढग सूर्याआड आला की उत्पादन क्षणात निम्म्यावर येऊ शकते. त्याच वेळी फ्रिज सुरू झाला तर व्होल्टेज कोसळेल आणि मोटर जळेल. लाइन जोडलेली असताना ही उणीव जाळे भरून काढते. म्हणजे जाळे हा या संचाचा आधार आहे. आधार गेला की साधा संच उभा राहू शकत नाही.

ज्यांना लाइन गेल्यावर दोन दिवे आणि एक पंखा एवढेच हवे आहे, त्यांनी घरातला बॅटरीचा साधा इन्व्हर्टर पूर्वीप्रमाणेच ठेवावा. तेवढ्यासाठी महागडा संमिश्र संच घेण्याची गरज नाही. मात्र सौर इन्व्हर्टरची जोडणी त्या बॅटरी-इन्व्हर्टरच्या बाहेरच्या बाजूस किंवा डिझेल जनित्राच्या तारेवर कधीही करू नये.

वस्तीवरील घर : आधी नोंद, मग संच

गावठाणातील घरे बहुधा गावठाण फीडरवर असतात. मळ्यातील किंवा वस्तीवरील अनेक घरांना मात्र शेतीपंपांच्या फीडरवरून वीज मिळते. त्यावर थ्री फेज वीज ठरावीक तासच असते. उरलेल्या वेळी काही ठिकाणी सिंगल फेज चालू राहते, तर काही ठिकाणी तीही नसते. या घरांनी विशेष काळजी घ्यावी. कारण वीज नसलेल्या तासांत पट्ट्यांवर पडणारे ऊन वाया जाते.

उदाहरणार्थ, तीन किलोवॅटचा संच दिवसाला सुमारे बारा युनिट देतो. पण सकाळी नऊला पडणारे ऊन आणि दुपारी बाराचे ऊन सारखे नसते. अकरा ते दोन या तीन तासांत दिवसाचे जवळपास निम्मे उत्पादन होते. याच वेळात रोज लाइन नसेल, तर दररोज सुमारे सहा युनिट, म्हणजे महिन्याला १८० युनिटच्या आसपास वीज हातची जाते. कर्जाचा हप्ता मात्र पुरता भरावा लागतो.

व्होल्टेजचेही तसेच आहे. फीडरच्या टोकाला सगळे पंप एकदम सुरू झाले की व्होल्टेज खाली जाते. पंप बंद झाले आणि आपला संच भर दुपारी वीज बाहेर पाठवू लागला की ते वर चढते. डीपीपासून घरापर्यंतची तार बारीक आणि लांब असेल, तर ते आणखी चढते. दोन्ही वेळा मर्यादा ओलांडली की इन्व्हर्टर थांबतो. लाइन आहे, ऊन आहे आणि तरी संच बंद आहे, अशी तक्रार यातूनच येते.

यावर उपाय सोपा आहे. संचाची मागणी करण्यापूर्वी एक वही घ्यावी. किमान पंधरा दिवस सकाळी नऊ ते सायंकाळी चार या वेळात लाइन किती वाजता गेली आणि किती वाजता आली, हे लिहून ठेवावे. शक्य असल्यास सकाळी दहा, दुपारी एक आणि सायंकाळी चार वाजता वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे. दिवसा वीज क्वचितच जात असेल तर साधा संच निःशंकपणे घ्यावा. रोज दोन-तीन तास जात असेल तर त्या प्रमाणात उत्पादन कमी धरून हिशेब करावा, अथवा संमिश्र संचाचा खर्च विचारात घ्यावा.

नेट मीटरचा हिशेब

जाळ्याशी जोडलेल्या संचासाठी दोन्ही बाजूंनी मोजणारा मीटर बसवितात. त्यास नेट मीटर म्हणतात. लाइनवरून घरात आलेली वीज तो एका खात्यात लिहितो आणि घरातून लाइनवर गेलेली दुसऱ्या खात्यात. महिनाअखेर आलेल्या युनिटमधून गेलेले युनिट वजा होतात. जास्त आले असतील तर तेवढ्याचेच बिल येते. जास्त गेले असतील तर ते पुढच्या महिन्यासाठी जमा राहतात.

घरातील माउली चैत्र-वैशाखाच्या उन्हात पापड-कुरडया करून पावसाळ्याची बेगमी करते. नेट मीटरमध्ये विजेची तशीच बेगमी होते. खालील उदाहरण दोन किलोवॅटच्या संचाचे असून हिशेब समजावा म्हणून दिले आहे.

तक्ता : दोन किलोवॅट संचाचा महिन्याचा हिशेब (युनिटमध्ये)

एप्रिल महिना
छतावर तयार झालेली वीज : २५०
दिवसा घरात थेट वापरलेली : ९०
लाइनवर गेलेली : १६०
सायंकाळी व रात्री लाइनवरून घेतलेली : १२०
महिनाअखेर शिल्लक जमा : ४०

जुलै महिना
छतावर तयार झालेली वीज : १४०
दिवसा घरात थेट वापरलेली : ७०
लाइनवर गेलेली : ७०
सायंकाळी व रात्री लाइनवरून घेतलेली : १३०
देय युनिट : ६०
एप्रिलची जमा वजा जाता बिलास पात्र : २०

या तक्त्यातील एका ओळीवरून बऱ्याच तक्रारी होतात. इन्व्हर्टरवर एप्रिलची २५० युनिट दिसतात आणि बिलावर मात्र १६० च जमा असतात. मग ९० युनिट कोणी खाल्ली, असे वाटते. ती कोणी खाल्लेली नसतात. दिवसा घरातील पंखा, फ्रिज, पाण्याची मोटर यांनी ती मीटरपर्यंत जाण्यापूर्वीच वापरलेली असतात. त्यांचे बिल आले नाही, हाच त्यांचा मोबदला. दर महिन्याच्या एका ठरावीक तारखेला इन्व्हर्टरचा आकडा आणि मीटरचे दोन्ही आकडे वहीत लिहून ठेवावेत. हिशेब स्वतःला जुळवता येतो आणि वीज कार्यालयात बोलतानाही आधार मिळतो.

आणखी दोन बाबी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, बिल शून्य युनिटचे झाले तरी स्थिर आकार भरावाच लागतो. दुसरी, जमा युनिटचे खाते आर्थिक वर्षाचे असते. ३१ मार्चला जी शिल्लक उरते, ती ठरवून दिलेल्या दराने विकत घेतली जाते. हा दर आपण वापरलेल्या विजेच्या दरापेक्षा बराच कमी असतो. म्हणून विकण्यासाठी मोठा संच बसविणे घरगुती ग्राहकास परवडत नाही. हिशेबाचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज करताना ते उपविभागीय वीज कार्यालयातून समजून घ्यावेत.

किती किलोवॅटचा संच घ्यावा?

मागील बारा महिन्यांची बिले काढावीत आणि त्यांतील युनिटची बेरीज करून बाराने भागावे. आलेल्या सरासरीला १२० ने भागले की लागणारे किलोवॅट मिळतात. उदाहरणार्थ, सरासरी २४० युनिट असतील तर दोन किलोवॅट पुरेसे होतात. एकाच महिन्याच्या बिलावरून अंदाज बांधू नये. लग्नसराईच्या वा कडक उन्हाळ्याच्या महिन्यात वापर फुगलेला असतो.

आपल्याकडे विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. पहिल्या शंभर युनिटचा दर कमी आणि पुढच्या टप्प्यांचा बराच जास्त असतो. त्यामुळे संच बसविल्यावर प्रथम महागडी युनिट वाचतात. ज्यांचा वापर महिना दोन-अडीचशे युनिटच्या पुढे आहे, त्यांचा खर्च लवकर वसूल होतो. पन्नास-साठ युनिट वापरणाऱ्या छोट्या घरास वसुलीला बराच काळ लागतो. त्यांनी घाई करू नये.

केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेल्या पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजनेत घरगुती संचास पुढीलप्रमाणे अनुदान ठरविले आहे : पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रति किलोवॅट ३०,००० रुपये, तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये, आणि तीन किलोवॅट वा त्याहून मोठ्या संचास एकूण ७८,००० रुपये. अनुदानासाठी पट्ट्या व त्यांतील घट भारतात बनलेले असावे लागतात. अनुदान काम पूर्ण झाल्यावर बँक खात्यात जमा होते, त्यामुळे सुरुवातीच्या रकमेची तजवीज आधी करावी.

जागा आणि सावली

एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते. पट्ट्यांचे तोंड दक्षिणेकडे असावे आणि त्यांना पंधरा ते वीस अंशांचा उतार द्यावा. कौलारू वा पत्र्याच्या घरास आधी वासे आणि आढे तपासून घ्यावेत. एका पट्टीचे वजन अठ्ठावीस-तीस किलो असते. पण खरी परीक्षा वजनाची नसून वाऱ्याची असते. उन्हाळी वादळात वारा पट्टीखाली शिरून तिला पतंगासारखी उचलू पाहतो. कोकण किनाऱ्याने २०२० साली निसर्ग चक्रीवादळात वाऱ्याचा हा जोर पाहिला आहे. म्हणून सांगाडा जस्तलेपित पोलादाचा असावा आणि तो स्लॅबमध्ये पक्का रोवलेला असावा.

सावलीबाबत तडजोड करू नये. पट्ट्या माळेत जोडलेल्या असतात. पाटात एका जागी ढेकूळ आडवे आले की पुढच्या सर्व वाफ्यांचे पाणी कमी होते, त्याप्रमाणे एका पट्टीवर पडलेली सावली माळेतील इतर पट्ट्यांचे उत्पादनही ओढून खाली आणू शकते. पट्टीमागील डबीतील डायोड हे नुकसान कमी करतात, पण पूर्ण थांबवीत नाहीत. पाण्याची टाकी, डिशची छत्री, नारळाची झावळी यांकडे लक्ष द्यावे. जागेची पाहणी उन्हाळ्यात करून फसू नये. मार्गशीर्ष-पौषात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि सावल्या लांबतात. त्या दिवसांत सकाळी नऊ ते दुपारी तीनपर्यंत जेथे सावली येत नाही, ती जागा योग्य समजावी. सावलीसाठी जुना आंबा तोडण्यापेक्षा पट्ट्यांची जागा बदलावी.

देखभाल व सुरक्षितता

१) पट्ट्या दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसाव्यात. मळणीचा भुसा, वीटभट्टीची राख किंवा उसाच्या पाचटाची काजळी उडत असेल तर अधिक वेळा पुसाव्यात.

२) सफाई सकाळी लवकर करावी. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकल्यास काच तडकण्याची शक्यता असते. बोअरचे पाणी जड असेल तर ते वाळू देऊ नये, अन्यथा क्षारांचा पांढरा थर काचेवर बसतो.

३) चांगल्या पट्टीची काच २५ मिलिमीटर जाडीच्या गारेचा मारा सोसेल, अशी तपासलेली असते. २०१४ सालच्या गारपिटीत याहून मोठ्या गारा आपण पाहिल्या आहेत. म्हणून विमा घेणे हिताचे ठरते.

४) ऊन असेपर्यंत पट्ट्यांच्या तारा जिवंतच असतात. मुख्य कळ बंद केली तरी छतावरील तारांत वीज राहते. एका माळेचे व्होल्टेज शंभर-दोनशे वा त्याहूनही जास्त असू शकते. चालू संचाची जोडणी कधीही ओढून काढू नये. डीसीची ठिणगी एसीप्रमाणे चटकन विझत नाही.

५) सांगाडा व पट्ट्या, इन्व्हर्टरची एसी बाजू आणि वीजरोधक यांसाठी तीन वेगवेगळ्या अर्थिंग घ्याव्यात. वळवाच्या विजांपासून संच वाचतो तो यामुळेच. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालावे.

६) तारा उंदीर-खारींपासून सुरक्षित राहाव्यात म्हणून नळीतून न्याव्यात. वानरांचा त्रास असलेल्या भागात मोकळ्या लोंबणाऱ्या तारा ठेवू नयेत.

अर्ज करण्यापूर्वी

अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर वीज ग्राहक क्रमांक देऊन करावा लागतो. खेड्यात बरेचसे अर्ज एकाच कारणाने अडतात. वीजबिल अजूनही आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असते आणि बँक खाते मुलाच्या. वाटणी होऊन घरे वेगळी झाली तरी मीटर एकच असतो. म्हणून प्रथम वीजबिलावरील नाव बदलून घ्यावे, थकबाकी असल्यास भरावी आणि मंजूर भार तपासावा. त्यानंतरच योजनेच्या यादीतील पुरवठादार निवडावा. किमान तिघांकडून लेखी दरपत्रक घ्यावे. त्यात पट्टीचे वॅट, इन्व्हर्टरची क्षमता, सांगाड्याची जाडी, अर्थिंगची संख्या, हमीची वर्षे आणि पाच वर्षांची देखभाल यांचा स्पष्ट उल्लेख असावा. "लाइन गेल्यावरही संच चालेल" असे कोणी सांगितले, तर तेही दरपत्रकात लिहून मागावे. साध्या संचाबाबत ते कोणी प्रामाणिक माणूस लिहून देणार नाही.

थोडक्यात लक्षात ठेवावे

छतावरचा हा संच म्हणजे विजेची विहीर नव्हे. गावच्या लाइनशी असलेली ती देवघेव आहे. दिवसा आपण देतो, रात्री आपण घेतो, आणि देवघेवीसाठी दोन्ही घरे जागी असावी लागतात. लाइन जागी नसेल तेव्हा आपला संचही झोपतो, आणि त्यामुळेच खांबावरचा वायरमन सुखरूप खाली उतरतो. तेव्हा बंधू-भगिनींनो, प्रथम पंधरा दिवसांची लाइनची नोंद करा, वर्षाची बिले मांडा, पौषातली सावली पाहा आणि मगच संचाची ऑर्डर द्या. असा समजून उमजून घेतलेला संच पुढील वीस-पंचवीस वर्षे आपल्या घराचा वीजखर्च हलका करील.